संगीतातल्या आवाजांसाठी इंग्रजी शब्द: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत हार्मोनियमवर हात बसवणारी मुलं आहेत, अहिराणी गाणी रेकॉर्ड करून बाहेरगावी मिक्सिंगला पाठवणारे कलाकार आहेत, लोककलेवर प्रकल्प लिहिणारे विद्यार्थी आहेत आणि इंग्रजीचे शिक्षकही आहेत. इंग्रजी शब्द मुद्दाम देवनागरीत दिले आहेत, म्हणजे उच्चारही हाती लागतो. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. 'आवाज' म्हणजे इंग्रजीत साउंड, व्हॉइस, नॉइज की टोन?

मराठीत माणूस, ढोल, इंजिन, घंटा, सगळ्यांचा आवाजच असतो. इंग्रजीत व्हॉइस फक्त गळ्यातून निघतो. 'द व्हॉइस ऑफ द ढोल' असं लिहिलं तर ते कवितेसारखं वाटेल. साधं वर्णन हवं असेल तर 'द साउंड ऑफ द ढोल' लिहा. नको असलेला किंवा विस्कळीत आवाज म्हणजे नॉइज. संगीताचं कौतुक करायचं असेल तर हा शब्द टाळा. टोन म्हणजे सुरेल आवाजाचा पोत: 'द फ्लूट हॅज अ लव्हली टोन.' शंका असेल तिथे साउंड लिहावं, तो शब्द कुठेही चालतो.

२. शब्दांच्या याद्या पाठ केल्या, पण लिहायला बसलं की एकही आठवत नाही. सुरुवात कुठून करू?

यादीपासून करू नका. कानात काय घडतंय ते आधी चार ठिकाणी वेगळं करा. आवाज उंच की खाली, हे पिच. मोठा की हळू, हे लाउडनेस. कशासारखा लागतो, म्हणजे धातूसारखा, लाकडी, नाकातला की हवेशीर, हे टँबर. आणि कसा सुरू होतो, किती टिकतो, कसा विरतो, हा काळ.

देवळातली मोठी घंटा घ्या. टोल पडतो त्या क्षणी कानावर आदळतो तो 'क्लँग'. लोलक पितळेवर आपटल्याचा तो आवाज मेटॅलिक असतो, हार्श असतो, आणि लगेच संपतो. त्यानंतर जी घुमत राहते ती वेगळीच गोष्ट आहे: खालचा, गोल, लांबणारा 'हम'. घंटेला हात लावला तर तो तळव्याला जाणवतो. सुरुवातीच्या भागाला अटॅक म्हणतात, विरण्याला डिके. म्हणून वाक्य होतं: 'द बेल स्टार्ट्स विथ अ हार्श मेटॅलिक क्लँग अँड फेड्स इंटू अ लो, लाँग हम.' यातला एकही शब्द अवघड नाही. आवाज चार ठिकाणी वेगळा केला म्हणून वाक्य जमलं. खालच्या बहुतेक उत्तरांत हीच पद्धत वापरली आहे.

३. हाय आणि लो हे शब्द पिचसाठी की व्हॉल्यूमसाठी?

दोन्हींसाठी वापरतात, आणि घोळ इथेच होतो. 'ही हॅज अ लो व्हॉइस' म्हणजे त्याचा गळा खर्जाकडचा आहे. 'ही स्पोक इन अ लो व्हॉइस' म्हणजे तो हळू बोलला. संदिग्धता नको असेल तर खालच्या सुरासाठी डीप, हळू आवाजासाठी सॉफ्ट किंवा क्वाएट, मोठ्या आवाजासाठी लाउड आणि उंच सुरासाठी हाय-पिच्ड वापरा.

मराठीतही असा गुंता आहे. 'चढ्या आवाजात बोलू नको' यातला आवाज रागाचा आणि मोठा आहे, तो इंग्रजीत 'रेझ्ड व्हॉइस'. 'सूर चढा लागला' यात मात्र पिच आहे. त्याबद्दल प्रश्न ७ पाहा. 'टीव्ही बारीक कर' म्हणजे 'टर्न द टीव्ही डाउन', तिथे थिन किंवा स्मॉल चालत नाही.

४. गळ्याच्या आवाजासाठी मराठीत इतके शब्द आहेत: जाड, बारीक, घोगरा, पहाडी, खणखणीत. त्यांना इंग्रजीत काय म्हणायचं?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच आहे. शब्दकोशात बघून घातलेले शब्द इथे हमखास फसतात, म्हणून एकेक शब्द नीट पाहू.

जाड आवाज म्हणजे डीप. 'थिक व्हॉइस' म्हणजे भावनेने किंवा सर्दीने दाटलेला गळा. बारीक आवाज लहान मुलीचा असेल तर 'अ स्मॉल, हाय व्हॉइस'. थिन म्हटलं की त्यात कमतरता आली, आवाजाला अंग नाही असं सांगितलं. भरदार म्हणजे रिच किंवा फुल. खणखणीत म्हणजे क्लिअर आणि रिंगिंग.

घोगऱ्यासाठी तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ऐकायला बरा वाटणारा घोगरेपणा हस्की. खडबडीत, दटावणारा पुरुषी आवाज ग्रफ. आजारपणाने किंवा रात्रभर गाऊन बसलेला गळा हॉर्स. या हॉर्सचा उच्चार सारंगखेड्याच्या बाजारातल्या घोड्यासारखाच होतो, पण स्पेलिंग वेगळं: एच, ओ, ए, आर, एस, ई. गळ्यातून आवाज निघतच नसेल तर 'आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस'.

किनऱ्या आवाजाला श्रिल म्हटलं तर ती तक्रार होते. कौतुकाने सांगायचं असेल तर 'हाय अँड पिअर्सिंगली क्लिअर' म्हणा. नाकातला तो नेझल. खरखरीत तो रास्पी. श्वास मिसळलेला तो ब्रेदी. मिसरूड फुटणाऱ्या मुलाचा आवाज फाटतो तेव्हा 'हिज व्हॉइस इज ब्रेकिंग'.

शाहिराचा पहाडी आवाज मला फार आवडतो, आणि त्यासाठी इंग्रजीत एक शब्द नाही. 'माउंटन व्हॉइस' लिहिलं तर कुणालाच काही कळणार नाही. त्या आवाजाचं बळ हे की माइक नसतानाही तो मैदानाच्या टोकाला पोचतो. इंग्रजीत पोचणाऱ्या आवाजासाठी कॅरी हे क्रियापद वापरतात: 'अ पॉवरफुल, ओपन-थ्रोटेड व्हॉइस दॅट कॅरीज अक्रॉस द ग्राउंड.'

५. टिंबर, टँबर आणि टोन यांत फरक काय?

टी, आय, एम, बी, आर, ई असं स्पेलिंग असलेला शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचा उच्चार टँबर. शेवटी ई आणि आर उलट झाले की तो टिंबर, म्हणजे इमारतीचं लाकूड. एकाच उंचीचा, तितकाच मोठा सा बासरीवर वाजवला आणि सनईवर वाजवला तरी डोळे मिटून दोन्ही ओळखता येतात. ते ज्यामुळे ओळखता येतं ते टँबर. मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर, म्हणजे ओव्हरटोन, कोणते आणि किती जोराचे यावर ते बरंचसं ठरतं. सुराची सुरुवात कशी होते याचाही त्यात मोठा वाटा असतो. टोन हा सैल शब्द आहे. बोलताना तो टँबरच्या जागी चालतो, पण भौतिकशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत टँबर किंवा क्वालिटी लिहावं.

६. आवाज ब्राइट किंवा वॉर्म कसा असू शकतो? हे नुसतं अलंकारिक आहे का?

अलंकारिक आहेत, पण पोकळ नाहीत. वरचे ओव्हरटोन जोरात असले की आवाज ब्राइट: टाळ, नवी तार, क्लॅरिनेटचे वरचे सूर. वरचा भाग मऊ आणि खालचा-मधला भरलेला असला की वॉर्म: नीट जुळवलेली सारंगी, जुन्या शिसवी वाद्याचा आवाज. मेलो म्हणजे कडा नसलेला, पिकलेला. डार्क हा इंग्रजीत दोष नाही, ब्राइटच्या विरुद्ध इतकाच त्याचा अर्थ. ब्राइट हद्दीबाहेर गेला की हार्श किंवा टिनी होतो. टिनी म्हणजे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, जसा स्वस्त मोबाइलच्या स्पीकरमधून येतो.

७. शार्प आणि फ्लॅट म्हणजे तीव्र आणि कोमल ना? मग परीक्षक 'यू वेअर फ्लॅट' म्हणाले त्याचा अर्थ काय?

तीव्र-कोमल हा एक अर्थ झाला. तीव्र मध्यम म्हणजे 'शार्प फोर्थ', कोमल गंधार म्हणजे 'फ्लॅट थर्ड'. परीक्षकांच्या बोलण्यात दुसरा अर्थ होता: तुमचा सूर जागेच्या खाली लागला, उतरला. वर गेला असता तर 'शार्प' म्हणाले असते. तिसरा अर्थ ढोबळ वर्णनाचा आहे. 'अ शार्प साउंड' म्हणजे अचानक आणि टोकदार, 'अ फ्लॅट व्हॉइस' म्हणजे भावना नसलेला. आणि स्पीकरच्या जाहिरातीत 'फ्लॅट रिस्पॉन्स' असतं ती स्तुती असते. खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोराने ऐकू येतात असं त्यातून सांगायचं असतं.

सुराला थोडासाच धक्का लागला, कणसूर झाला, तर बोली इंग्रजीत पिची म्हणतात. पूर्ण बेसूर म्हणजे 'आउट ऑफ ट्यून' किंवा 'ऑफ-की'.

८. 'माझं स्केल काळी दोन आहे' हे बाहेरच्या वादकाला कसं सांगू?

'काळी दोन' हे आपल्या हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून आलेलं नाव आहे, परदेशी वादकाला ते कळणार नाही. काळ्या पट्ट्या क्रमाने अशा: काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. पांढरी एक म्हणजे सी, आणि तिथून पुढे डी, ई, एफ, जी, ए, बी. तेव्हा तुमचा सा डी शार्प. त्याच पट्टीला ई फ्लॅटही म्हणतात, म्हणून समोरच्याने ई फ्लॅट म्हटलं तर गोंधळू नका.

स्केल या शब्दाचा अर्थही इथे बदलतो. आपण पट्टीला स्केल म्हणतो. इंग्रजीत स्केल म्हणजे सुरांची रचना, आपल्या थाटाच्या जवळची. बिलावल थाट आणि त्यांचं मेजर स्केल यांचे सूर एकच. पट्टीसाठी की म्हणा, किंवा सरळ 'माय सा इज डी शार्प' म्हणा, ते सगळ्यात स्वच्छ.

रेकॉर्डिंग दुसरीकडे जुळवायचं असेल तर मध्य सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झवर लावलेली आहे का हेही विचारा. जगभर तेच प्रमाण धरतात. जुनी पेटी थोडी इकडेतिकडे असते, आणि मग कीबोर्डबरोबर सगळं गाणं कणसूर वाटतं.

९. शाळेच्या पुस्तकात तीव्रता म्हणजे वेगळंच काहीतरी आहे. कोणतं खरं?

दोन्ही खरी. विज्ञानात ध्वनीची तीव्रता म्हणजे इंटेन्सिटी, तिचा संबंध जोराशी. संगीतात तीव्र म्हणजे वर सरकलेला सूर. पेपर कोणत्या विषयाचा आहे ते बघून लिहा. पिचसाठी विज्ञानाच्या पुस्तकात 'उच्चनीचता' हा शब्द आहे आणि तो चांगला आहे.

१०. एको, रिव्हर्ब आणि रेझोनन्स या तिन्हींना आम्ही 'घुमणं' म्हणतो. फरक कसा करू?

सातपुड्याच्या दरीत हाक मारली आणि ती सबंध परत ऐकू आली, तर एको. त्यासाठी परतलेला आवाज मूळ आवाजानंतर साधारण ०.१ सेकंदाने यावा लागतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो, म्हणजे समोरचा कडा किमान १७ मीटरवर हवा. रिकाम्या मंगल कार्यालयात मंगलाष्टकांचे शब्द एकमेकांत मिसळतात, शेपूट लांबते, पण वेगळी हाक ऐकू येत नाही, तो रिव्हर्ब. तंबोऱ्याचा भोपळा तारेला साथ देऊन आवाज वाढवतो, तो रेझोनन्स. पहिले दोन जागेमुळे घडतात, तिसरा वस्तूच्या अंगात असतो. भुसावळ स्टेशनवरची घोषणा कळत नाही तेव्हा तिथे रिव्हर्ब आणि मफल्ड स्पीकर दोन्ही असतात. मफल्ड म्हणजे तोंडावर कापड धरल्यासारखा.

११. अहिराणी गाण्याचं मिक्सिंग बाहेर करून घेतो. इंजिनिअरला मराठी समजत नाही. काय बिघडलंय ते इंग्रजीत कसं लिहू?

'साउंड इज नॉट गुड' लिहिलंत तर तो अंदाजाने काहीतरी फिरवेल आणि फाइल पुन्हा पुन्हा ये-जा करेल. नेमकं लिहा, आणि कितव्या मिनिटाला ते लिहा.

गायिकेचा आवाज ढोलकीखाली दबला असेल: 'द व्होकल इज बरीड अंडर द ढोलकी.' खालच्या भागात सगळा चिखल झाला, बेस आणि ढोलाची धुम्म एकमेकांत मिसळली: मडी. साधारण २०० ते ५०० हर्ट्झच्या गर्दीमुळे हे होतं, आणि मडी म्हटलं की इंजिनिअरचा हात तिथेच जातो. खोक्यात तोंड घालून गायल्यासारखं वाटतं: बॉक्सी. एखादाच खालचा सूर फुगून येतो: बूमी. २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कानाला टोचतं: हार्श. माइक जास्त भरून आवाज फाटला: डिस्टॉर्टेड किंवा क्लिप्ड. घरातल्या विजेच्या तारांमुळे येणारी घूं म्हणजे हम. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती घूं ५० किंवा १०० हर्ट्झवर सापडते. फसफस म्हणजे हिस. चटचट म्हणजे क्रॅकल.

अहिराणीसाठी एक शब्द मुद्दाम लक्षात ठेवा: सिबिलंट. आपल्या बोलीत 'शे' (म्हणजे 'आहे') पावलोपावली येतो, आणि माइक तोंडाजवळ असला की प्रत्येक 'शे'बरोबर एक टोकदार सुस्कारा रेकॉर्ड होतो. 'द एस अँड एसएच साउंड्स आर टू सिबिलंट, प्लीज डी-एस द व्होकल' असं लिहिलं की काम होतं. पण त्याच वेळी सांगा की शब्द बोथट होऊ देऊ नका. भाषा न समजणारा इंजिनिअर 'शे' इतका दाबतो की बोलीचा ठसका निघून जातो. ते होऊ द्यायचं नसतं. गाणं आपल्या बोलीचं आहे, ती स्वच्छ ऐकू आलीच पाहिजे.

१२. डीजेवाल्याला 'बास कमी कर' म्हणतो. इंग्रजीत बास की बेस?

उच्चार बेस. बी, ए, डबल एस लिहितात. बेस कमी करणं म्हणजे खालचे सूर कमी करणं, एकूण आवाज तेवढाच राहू शकतो. एकूण आवाज खाली आणायचा असेल तर व्हॉल्यूम म्हणा. रात्री १० नंतर दोन्हींचा प्रश्नच नसतो, उघड्यावरचे लाउडस्पीकर सकाळी ६ पर्यंत बंद ठेवायचा नियम आहे.

१३. नंदुरबारच्या होळीवर इंग्रजीत प्रकल्प लिहितोय. आदिवासी ढोल आणि फुंकून वाजवायच्या पावरीचं वर्णन कसं करू?

आधी काय लिहू नये ते. 'प्रिमिटिव्ह', 'वाइल्ड', 'एक्झॉटिक' हे शब्द आवाजाबद्दल काहीच सांगत नाहीत. लिहिणारा लांब उभा होता एवढंच त्यांतून कळतं. काठी गावच्या होळीला जे रात्रभर घडतं ते कानाने टिपा.

ढोल: 'डीप', 'बूमिंग', आणि जवळ उभं राहिलं की 'यू फील इट इन युअर चेस्ट बिफोर यू हिअर इट अ‍ॅज अ बीट.' एक ढोल आणि शंभर ढोल यांत फक्त लाउडनेसचा फरक नसतो. पुष्कळ ढोल एका ठेक्यावर असले तरी थाप केसभर मागेपुढे पडते, म्हणून ठोका रुंद होतो. त्यासाठी 'थिक, रोलिंग बीट' म्हणता येईल, आणि लांबून ऐकलं तर 'रंबल'. थिक इथे चालतो, गळ्यासाठी का चालत नाही ते प्रश्न ४ मध्ये आहे.

अंगावरच्या वस्तूंचाही आवाज लिहा. होळीत नाचणाऱ्या बुध्याच्या कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरू बांधलेले असतात. घुंगरांचा जिंगल वरचा आणि बारीक, भोपळ्यांचा 'हॉलो रॅटल' खालचा आणि कोरडा, आणि नाचणाऱ्याचं पाऊल पडतं तेव्हा दोन्ही एकदम येतात. पावरीच्या सलग लांब सुराला 'रीडी' आणि 'ड्रोनिंग' हे शब्द जवळचे. वाद्यांची नावं मात्र पावरी, ढोल अशीच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात ते काय आहे ते सांगा. 'अ काइंड ऑफ बॅगपाइप' असली तुलना करून वाचकाला भलतीकडे पाठवू नका.

१४. बाकी वाद्यांसाठी झटपट शब्द मिळतील का?

सनई रीडी आणि नेझल, आणि इथे नेझल हा दोष नाही. बासरी ब्रेदी, वरच्या सप्तकात पिअर्सिंग. तुणतुणं ट्वँगी. टाळ ब्राइट आणि रिंगिंग. ढोलकीच्या चाटीला 'ड्राय क्रॅक'. लग्नाच्या बँडमधली पितळी वाद्यं ब्रॅसी, जोरात वाजली की ती ब्लेअर करतात. पोळ्याच्या दिवशी बैलांच्या घुंगुरमाळा जिंगल, गळ्यातली मोठी घाट क्लँक.

तबल्यासाठी मात्र थांबायला हवं. बहुतेक चर्मवाद्यांना ठरावीक सूर नसतो, थाप असते. तबल्याच्या दायाँला, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याला, सूर असतो आणि तो कातड्यावरच्या काळ्या शाईमुळे येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं: शाईच्या भारामुळे कातड्याचे ओव्हरटोन एकमेकांशी सुरेल नात्यात बसतात. म्हणून तबल्याला 'अ ट्यून्ड, रिंगिंग ड्रम' म्हणा, आणि डग्ग्याच्या घसीटीला 'अ स्वूपिंग बेस नोट'.

तंबोऱ्याच्या जवारीला, म्हणजे तारेच्या झणझणत्या आवाजाला, 'बझ' म्हणायला विद्यार्थी कचरतात, कारण गिटारवर बझ हा दोष समजतात. 'अ रिच, शिमरिंग बझ' लिहा, विशेषणांमुळे तो गुण आहे हे कळतं.

१५. मींड, गमक, खर्ज यांचं भाषांतर करू का?

शब्द तसेच ठेवा आणि पाठोपाठ साध्या इंग्रजीत अर्थ द्या. मींडेसाठी ग्लाइड पुरेसा आहे. ग्लिसँडो टाळा. पियानोवर ते वेगवेगळ्या पट्ट्यांवरून बोट ओढून होतं, मींडेत मधली एकही जागा सुटत नाही. गमकासाठी 'अ फोर्सफुल शेक' म्हणता येतं, व्हायब्रॅटो म्हटलं तर फार सौम्य होतं.

१६. आईच्या जात्यावरच्या ओव्या आणि आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी लिहून काढतेय. पार्श्वभूमीचे आवाज इंग्रजीत कसे आणू?

बहिणाबाई चौधरींच्या मुलखात हा प्रश्न यावा याचा मला आनंद आहे. घरोटाचा, म्हणजे जात्याचा, आवाज दुहेरी असतो. दगडावर दगड फिरतो तो खालचा, सलग 'रंबल', आणि धान्य चिरडतं तो त्याच्यावरचा खरखरीत 'ग्राइंड'. मूठ पडते तेव्हा आवाज दाटतो आणि पीठ झालं की मोकळा होतो. ओवीचा सूर या चढउतारावर बसलेला असतो, म्हणून तो एका वाक्यात लिहाच: 'द रंबल थिकन्स अ‍ॅज ईच हँडफुल गोज इन.' आखाजीला झोक्याच्या दोरीची करकर म्हणजे क्रीक. बांगड्यांचा किणकिणाट काचेचा असतो, म्हणून क्लिंक किंवा टिंकल. क्लँक लिहिलं तर लोखंड डोळ्यासमोर येईल.

१७. 'द म्युझिक रीच्ड अ क्रेसेंडो' बरोबर आहे का?

वर्तमानपत्रांत सर्रास येतं. संगीताचं शिक्षण घेतलेले वाचक मात्र नाक मुरडतात. क्रेसेंडो म्हणजे आवाज हळूहळू वाढत जाणं. जिथे पोचतो ते शिखर म्हणजे क्लायमॅक्स किंवा पीक. संगीतावर लिहीत असाल तर 'अ स्लो क्रेसेंडो लेड टू द क्लायमॅक्स' लिहा.

१८. 'इट साउंड्स स्वीटली' का चुकतं? क्रियापदाबरोबर क्रियाविशेषण नको का?

साउंड हे क्रियापद इथे 'वाटतं, लागतं' या अर्थी आहे, म्हणून त्यामागे विशेषण येतं: 'द फ्लूट साउंड्स स्वीट.' नाम आलं तर मध्ये लाइक घाला: 'इट साउंड्स लाइक अ बेल.' पण वाजवणाऱ्याची कृती सांगायची असेल तर क्रियाविशेषणच हवं: 'शी प्लेज स्वीटली.' अपवाद लाउडचा आहे. 'ही सिंग्ज लाउड' आणि 'ही सिंग्ज लाउडली' दोन्ही चालतात, लेखी उत्तरात दुसरं लिहा.